विश्लेषण : घाट उतरताना ब्रेक अचानक का ‘सुटतो’? गाडीच्या ब्रेकची तपासणी आणि देखभाल कशी करावी?

पावसाळी सहली आणि सणासुदीच्या सुट्ट्यांत भरलेल्या गाड्या मोठ्या संख्येने घाट चढतात आणि उतरतात. घाटातील अपघातानंतर ‘ब्रेक फेल झाला’ हे वाक्य हमखास ऐकू येते. प्रत्यक्षात कारचा ब्रेक कोणतीही पूर्वसूचना न देता निकामी होण्याचे प्रकार कमी असतात. बहुतेक वेळा पेडल, आवाज, वास किंवा डॅशबोर्डवरचा दिवा यांपैकी एकाने आधी इशारा दिलेला असतो. हे इशारे कसे ओळखायचे, गॅरेजमध्ये नेमके काय तपासून घ्यायचे आणि उतारावर ब्रेक का दगा देतो, याचा आढावा.

ब्रेक नेमका कसा काम करतो?

चालकाने पेडल दाबले की त्यामागचा बूस्टर इंजिनाच्या निर्वाताच्या साहाय्याने पायाचा जोर कित्येक पटींनी वाढवतो. हा जोर मास्टर सिलिंडरमधील द्रवावर पडतो. द्रव दाबला तरी आकसत नाही, त्यामुळे हा दाब बारीक नळ्यांमधून थेट चारही चाकांपर्यंत पोहोचतो. पुढच्या चाकांत कॅलिपरमधील पिस्टन दोन ब्रेक पॅड फिरत्या डिस्कवर आवळतो. अनेक छोट्या आणि मध्यम गाड्यांत मागच्या चाकांना ड्रम असतो. तिथे लायनर बसवलेले दोन शू आतून बाहेर फाकतात आणि ड्रमला घासतात.

ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढे झुकते. त्यामुळे थांबवण्याचे बहुतांश काम पुढचे ब्रेक करतात आणि पुढचे पॅड आधी झिजतात. मास्टर सिलिंडरमध्ये दोन स्वतंत्र कप्पे असतात. पुढून चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत एक कप्पा पुढचे एक आणि मागचे तिरपे एक चाक सांभाळतो आणि दुसरा उरलेली दोन. एका बाजूची नळी फुटली तरी निम्मा ब्रेक शिल्लक राहावा, यासाठी ही रचना आहे. मात्र अशा वेळी पेडल खूप खोल जाते आणि गाडी थांबायला बरेच जास्त अंतर लागते.

उतारावर ब्रेकवर एवढा ताण का येतो?

ब्रेकचे काम म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी साधारण अर्धा किलोमीटर उंची खाली येते. छोटी गाडी, चार प्रौढ आणि सामान मिळून १,२५० किलो वजन धरले, तर ५०० मीटर उतरताना सुमारे ६१ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी हीच गाडी पूर्ण थांबवताना ब्रेकला सुमारे ४ लाख ८० हजार ज्यूल शोषावे लागतात. म्हणजे एक घाट उतरणे हे ताशी १०० किलोमीटरवरून बारा-तेरा वेळा गाडी थांबवण्यासारखे आहे. एवढ्या उष्णतेत साध्या तापमानाचे सुमारे १९ लिटर पाणी उकळीला येईल.

यातली काही ऊर्जा हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण घेतात. उरलेली एकतर इंजिनाने घ्यायची किंवा ब्रेकने. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन मोठा वाटा उचलते. न्यूट्रलमध्ये असेल तर सगळा भार चार चाकांतील पॅड आणि लायनरवर येतो. ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढते त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम या गणितावरच उभा आहे.

ब्रेक ‘सुटतो’ म्हणजे काय होते?

याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि पायाला ते वेगळे जाणवतात.

पहिल्या प्रकारात पॅडचे साहित्य अति तापते आणि त्याची पकड कमी होते. पेडल नेहमीसारखे घट्ट लागते, पण कितीही जोर दिला तरी गाडी हवी तशी मंदावत नाही. जळका, उग्र वास येतो. दुसरा प्रकार अधिक धोकादायक. डिस्कची उष्णता पॅड आणि पिस्टनमधून द्रवापर्यंत पोहोचते आणि तो उकळतो. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. त्यामुळे पाय वाफेचे बुडबुडे दाबण्यातच खर्ची पडतो. पेडल मऊ होते आणि थेट तळाला टेकते.

फसवी बाब पुढे आहे. गाडी अर्धा तास थांबली की वाफ पुन्हा द्रव होते आणि पेडल पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेल्यावर ‘ब्रेक तर ठीक आहे’ असे उत्तर मिळू शकते. घाटात पेडल खोल गेले असेल, तर ते मेकॅनिकला स्पष्ट सांगणे आणि ब्रेक ऑईल बदलून घेणे आवश्यक ठरते.

ब्रेक ऑईल ठरावीक काळाने का बदलावे लागते?

सगळीकडे त्याला ‘ब्रेक ऑईल’ म्हणत असले तरी ते तेल नसते. बहुतेक गाड्यांत ग्लायकॉल प्रकारातील द्रव असतो आणि तो हवेतील ओलावा शोषतो. रबरी नळ्या आणि टाकीच्या झाकणातून वर्षागणिक थोडे थोडे पाणी त्यात मिसळत जाते. पाणी वाढले की उकळण्याचे तापमान घसरते.

डॉट ३ दर्जाच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या अवस्थेत तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ अंश, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० अंश आहेत. ‘ओल्या’ अवस्थेचा आकडा द्रवात सुमारे ३.७ टक्के पाणी गृहीत धरून ठरवलेला आहे. शहरात हळूहळू चालणाऱ्या गाडीला हा फरक जाणवत नाही. घाटात मात्र तोच फरक निर्णायक ठरतो. कोकणपट्टीतील दमट हवेत तर याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

अनेक कंपन्या दोन वर्षांनी द्रव बदलण्याची शिफारस करतात. नेमकी मुदत आणि दर्जा गाडीच्या माहितीपुस्तिकेत आणि बहुतेक वेळा टाकीच्या झाकणावर दिलेला असतो. गाडी कमी चालली म्हणून ही मुदत वाढत नाही, कारण ओलावा किलोमीटर मोजत नाही. केवळ रंगावरून निर्णय घेणेही योग्य नाही. द्रव पिवळसर दिसत असला तरी त्यात पाणी असू शकते.

दिवा लागला की टाकीत द्रव भरावा का?

इथे अनेक गाडीमालकांची चूक होते. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर सरकतात आणि त्यामागची जागा भरायला टाकीतील द्रव खाली जातो. त्यामुळे पातळी हळूहळू कमी होणे हा अनेकदा पॅड झिजल्याचा इशारा असतो. वरून द्रव ओतला की दिवा विझतो, पण पॅड तितकेच झिजलेले राहतात. पुढे नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलले जातात आणि जास्तीचा द्रव टाकीतून बाहेर सांडतो. हा द्रव गाडीचा रंग खराब करतो.

पातळी काही दिवसांतच घसरली तर मात्र ती गळती समजावी. चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर डाग, ड्रमच्या कडेला चिकट ओल किंवा पेडलच्या वरच्या भागात ओल दिसली, तर गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेण्याऐवजी मेकॅनिकला जागेवर बोलावणे किंवा गाडी टो करून नेणे सुरक्षित.

कोणत्या लक्षणाचा काय अर्थ?

बारीक किंचाळल्यासारखा आवाज : अनेक पॅडना झीज कळवणारी धातूची पट्टी असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासते आणि आवाज करते. पाऊस किंवा धुलाईनंतर डिस्कवर चढलेल्या पातळ गंजामुळेही सकाळी दोन-चार ब्रेकपुरता आवाज येतो. तो आपोआप थांबला तर चिंतेचे कारण नाही.

धातूवर धातू घासल्याचा खरखरीत आवाज : पॅडचे साहित्य संपून मागची लोखंडी पट्टी डिस्कला लागत आहे. गाडी लगेच थांबवावी. या टप्प्यावर पॅडसोबत डिस्कचाही खर्च येतो.

पेडल स्पंजासारखे मऊ : नळ्यांमध्ये हवा शिरली असण्याची शक्यता जास्त. दोन-तीनदा झटपट दाबल्यावर पेडल वर येत असेल, तर हवेचा किंवा मागच्या शूच्या समायोजनाचा संशय घ्यावा.

दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जाणे : बाहेर गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी सील आतून सुटत असल्याचे हे लक्षण आहे. सिग्नलला उभे असताना हे सहज लक्षात येते.

पेडल दगडासारखे कठीण : बूस्टर किंवा त्याची निर्वात नळी तपासावी. याची चाचणी घरीही करता येते. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, ते कठीण होईल. मग ते दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल थोडे खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे. जागचे हलले नाही तर दोष आहे.

ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढली जाणे : एका बाजूचा कॅलिपर किंवा त्याची सरकणारी पिन जाम झालेली असू शकते. पॅडवर तेल किंवा ग्रीस लागणे आणि टायरमधील हवेचा फरक ही कारणेही असतात. म्हणून सर्वांत आधी हवा तपासावी.

पेडल आणि स्टिअरिंग थरथरणे : डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही, असा याचा साधारण अर्थ. मात्र जोरात ब्रेक लावल्यावर पायाला जाणवणारी जलद धडधड एबीएसची असते. ती सामान्य आहे आणि अशा वेळी पाय उचलू नये.

एकाच चाकाला जास्त उष्णता आणि जळका वास : ब्रेक चिकटून राहिला आहे. चाकाला हात न लावता जवळ हात नेऊन उष्णता कळते. पावसाळ्यात अनेक दिवस हँडब्रेक ओढून उभ्या ठेवलेल्या गाडीत मागचे लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागी दीर्घकाळ गाडी ठेवायची असल्यास पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावणे बरे.

डॅशबोर्डवरचे दिवे काय सांगतात?

लाल दिवा हँडब्रेक ओढलेला असल्याचा किंवा द्रवाची पातळी कमी झाल्याचा असतो. हँडब्रेक सोडूनही तो विझत नसेल तर पुढे जाऊ नये. पिवळा एबीएसचा दिवा लागला तर साधा ब्रेक चालतो, पण जोरात ब्रेक मारल्यावर चाके लॉक होऊ शकतात. दोन्ही दिवे एकत्र लागले तर पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. तेव्हा हळू चालवत, किंवा शक्यतो टो करून, गाडी दुरुस्तीला न्यावी. अनेकदा कारण साधे असते. चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसलेला असतो किंवा त्याची तार तुटलेली असते. पण ते स्कॅनर लावूनच कळते.

गॅरेजमध्ये नेमके काय करून घ्यावे?

सर्व्हिसिंगच्या बिलावर ‘ब्रेक क्लीनिंग’ लिहिलेले असते. त्यात चाके काढून प्रत्यक्ष तपासणी झाली का, हे विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे. पुढील गोष्टी तपासल्या जाव्यात.

पॅडची जाडी. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटर साहित्य असते. ते ३ मिलिमीटरच्या आसपास आले की बदलणे शहाणपणाचे. आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड पाहावेत. एकच जास्त झिजला असेल तर कॅलिपरची पिन अडकत आहे. नुसते पॅड बदलून हा दोष जात नाही.

डिस्कची जाडी. किमान जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेला असतो. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून पुन्हा वापरू नये. पातळ डिस्क लवकर तापते.

मागचे ड्रम. ते उघडून लायनरची झीज, धूळ आणि व्हील सिलिंडरची गळती पाहावी. ही धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये. ती श्वासातून आत जाणे आरोग्याला घातक आहे. ब्रेक क्लीनरने किंवा ओल्या फडक्याने ती काढावी.

रबरी नळ्या. भेगा, फुगवटा किंवा घासल्याच्या खुणा दिसल्या तर नळी बदलावी.

पॅड किंवा शू बदलताना ते नेहमी एका अक्षाच्या दोन्ही चाकांचे एकत्र बदलावेत. नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. नवे पॅड घातल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत काही वेळा दाबले पाहिजे. मागे ढकललेले पिस्टन जागेवर यायला ते लागते आणि हे विसरल्यास पहिला ब्रेक लागतच नाही. नवे पॅड डिस्कवर नीट बसायला पहिले दोन-तीनशे किलोमीटर जातात. या काळात जोरदार ब्रेक टाळावा आणि शक्यतो लगेच घाटाची सहल ठरवू नये.

द्रव बदलणे आणि हवा काढणे यात काय पाहावे?

एकजण पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाजवळची निपल सैल करतो. द्रव आणि हवा पारदर्शक नळीतून बाटलीत येते. निपल बंद झाल्यावरच पेडल सोडायचे, अन्यथा हवा पुन्हा आत ओढली जाते. बुडबुडे संपून स्वच्छ द्रव येईपर्यंत हे चालते. टाकी मध्येच रिकामी झाली तर सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची हे गाडीनुसार ठरते. काही एबीएस गाड्यांत स्कॅनरची मदत घ्यावी लागते.

ग्राहकाने दोन गोष्टी पाहाव्यात. द्रवाची बाटली समोर उघडलेली, सीलबंद असावी. अनेक दिवस उघडी राहिलेली बाटली आधीच ओलावा प्यायलेली असते. दुसरे, झाकणावर लिहिलेल्या दर्जाचाच द्रव घातला जावा. डॉट ५ हा सिलिकॉन प्रकारचा द्रव असून तो ग्लायकॉल द्रवात मिसळू नये. नावात साम्य असले तरी डॉट ५.१ वेगळा आहे. इंजिन ऑईल किंवा स्टिअरिंगचे तेल चुकूनही पडले तर सगळे रबरी सील फुगतात आणि जवळपास संपूर्ण यंत्रणा बदलावी लागते.

इंधन वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल का नको?

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अपघातांसाठी ओळखला जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिल्यानंतर उतारावर न्यूट्रल करण्याच्या सवयीची मोठी चर्चा झाली. अवजड वाहनांत हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असतात आणि ती हवा इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर भरतो. इंजिन बंद केले की साठलेली हवा वापरून संपते.

कारमध्ये इंजिन बंद केल्यास बूस्टरमध्ये एक-दोन ब्रेकपुरताच निर्वात उरतो. त्यानंतर पेडल कठीण होते आणि स्टिअरिंगही जड होते. बचतीचा हिशेबही चुकीचा आहे. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंजेक्शन बंद होते, म्हणजे इंधन जवळपास जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवायला इंधन लागतेच.

ऑटोमॅटिक गाडीत उतारासाठी ‘एल’, ‘२’ किंवा मॅन्युअल मोड वापरावा. इलेक्ट्रिक गाडीत मोटर वेग रोखते आणि ऊर्जा बॅटरीत परतते. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर हा आधार कमी होतो. डोंगरावरच्या मुक्कामी १०० टक्के चार्ज करून लगेच घाट उतरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

घाटात ब्रेक लागत नाही असे वाटले तर?

घाबरून इंजिन बंद करू नये आणि चावी काढू नये. स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका असतो. पेडल जलद पुन्हा पुन्हा दाबावे, काही दाब परत मिळू शकतो. एकेक गिअर खाली आणावा. हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढावा. एकदम ओढल्यास मागची चाके घसरतात. बटणावर चालणारा इलेक्ट्रिक हँडब्रेक असल्यास अनेक गाड्यांत बटण सतत धरून ठेवल्यावर तो आपत्कालीन ब्रेकसारखा काम करतो. हॉर्न आणि चारही इंडिकेटर सुरू ठेवावेत आणि डोंगराच्या बाजूला, चढाची किंवा मोकळी जागा पाहून गाडी थांबवावी. थांबल्यावर तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये, डिस्कला तडा जाऊ शकतो. किमान अर्धा तास ब्रेक निवू द्यावेत आणि पेडल पूर्ववत झाले तरी दुरुस्ती होईपर्यंत उतरणीचा प्रवास टाळावा.

सहलीला निघण्यापूर्वी किमान काय पाहावे?

पाच मिनिटांची तपासणी पुरेशी असते. टाकीतील द्रव दोन खुणांच्या मध्ये आहे का, इंजिन सुरू असताना पेडल अर्धा मिनिट दाबून धरल्यावर खाली जाते का, बूस्टरची चाचणी यशस्वी होते का, मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक लावल्यावर गाडी सरळ थांबते का, हलक्या चढावर हँडब्रेक गाडी धरून ठेवतो का आणि द्रव शेवटचा कधी बदलला हे बिलावर सापडते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल, तर घाटाच्या प्रवासाआधी तो बदलून घ्यावा.